फ्यूजला गुंडाळलेली चांदी

ते खोकं टीव्हीचं नव्हे हो, मंगलाताई. टीव्ही असता तर मी एवढी चिडले असते का? या, जरा जास्वंदीच्या बाजूला या, तिकडे बोललं की आमच्या खिडकीतून सगळं आत ऐकू जातं. ॲम्प्लिफायर आहे तो. पॉवर ॲम्प्लिफायर. म्हणजे ज्याला रेडिओ नाही, कॅसेट नाही, आवाज कमी-जास्त करायचं बटणसुद्धा नाही, असा नऊ किलोचा ठोकळा. पुढून नुसत्या पट्ट्या, मागून वायरी. क्वाड ४०५ म्हणतात त्याला. इंग्लंडचा.

किंमत? मला सांगितली अठरा हजार. आता मी आयटीआयमध्ये रेडिओ-टीव्ही मेकॅनिकच्या ट्रेडला पोरं शिकवण्यात उमर घातली. चालू क्वाड अठरा हजारांत देणारा दाखवा, मी त्याचे पाय धरते. पासबुक भरून आणलं तेव्हा कळलं, अडतीस! टेम्पोचं भाडं वेगळं. मी चकार शब्द काढला नाही. रात्री भाजी वाढताना तेवढं विचारलं, "अठरा आणि वीस किती होतात हो?" आमच्या साहेबांनी लगेच मीठ मागितलं. भाजी खारट होती, तरी.

पण वस्तूला नावं ठेवणार नाही मी. पीटर वॉकर म्हणून एक गृहस्थ होते. त्यांनी १९३६ साली लंडनमध्ये कंपनी काढली, महायुद्धात तिथे बॉम्ब पडले म्हणून बिऱ्हाड हंटिंग्डनला हलवलं. मोठं शहर नव्हे ते, पण तिथून निघालेली यंत्रं जगभर गेली. हा ४०५ साधारण १९७५चा. तेव्हाच्या ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायरची रड अशी की मोठ्या ट्रान्झिस्टरांना सतत थोडा करंट पाजत ठेवावा लागायचा. तो कमी पडला की बारीक आवाज फाटका येतो, जास्त झाला की सगळं तापतं. आतला प्रीसेट फिरवून तो नेमका लावायचा, आणि वर्षं गेली की तो हलतो. वॉकर आणि त्यांचे सहकारी मायकेल अल्बिन्सन यांनी म्हटलं, ही कटकटच नको. आत दोन ॲम्प्लिफायर ठेवले. एक लहान, अगदी स्वच्छ, पण ताकद बेताची. दुसरा दांडगा आणि ओबडधोबड. जोर लावायचा दांडग्यानं, आणि तो जिथे चुकेल तिथे लहानग्यानं कमी पडेल तेवढं भरायचं. बैल दांडगे असले तरी कासरा पोराच्या हातात, तसं. त्याला करंट डम्पिंग नाव दिलं. प्रीसेट नाही, ॲडजस्टमेंट नाही, शंभर-शंभर वॉट दोन्ही बाजूंना. १९७८ला राणीच्या नावाचं तंत्रज्ञानाचं पारितोषिकही मिळालं त्याला.

आणि मला त्या माणसाचं आवडतं ते हे की, त्यानं ते लपवून ठेवलं नाही. डिसेंबर १९७५च्या 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात सरळ लेख लिहून सगळं उलगडून दाखवलं. मग काय, वाचकांची पत्रावर पत्रं. हे खरंच असं चालतं का, की नुसती शब्दांची करामत आहे, यावर मोठमोठे इंजिनियर भांडत होते. आजचा मोबाइल उघडायला गेलात तर आधी डिंक सोडवावा लागतो. हा चार स्क्रू काढले की समोर मांडून बसतो.

तर आमच्या साहेबांनी हा मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडून घेतला. नाव नाही सांगत, उगाच कशाला. त्यानं काय म्हणावं? "पूर्ण सर्व्हिस केलेला आहे, काका, घरी नेऊन फक्त प्लग लावा." हे वाक्य ऐकलं की मंगलाताई, तिथून उठावं. जुन्या यंत्राच्या बाबतीत माझं मत उलटं आहे. धूळ खात पडलेला, कुणी हात न लावलेला घ्यावा. धुळीनं काही बिघडत नाही. बिघडतं ते आधीच्या शहाण्यानं काय करून ठेवलंय त्यानं, आणि ते पुसून दिसत नाही.

एवढं मात्र साहेबांनी बरं केलं की इंग्लंडचा घेतला. तिकडे तेव्हा २४० व्होल्ट, आपल्याकडे २३०, त्यामुळे अडचण नाही. त्यांचा तो बावधनचा मित्र जपानी घेऊन बसलाय. खास तिकडच्या बाजारासाठी केलेला, शंभर व्होल्टचा. आता त्याला ट्रान्सफॉर्मर वेगळा. तो ॲम्प्लिफायरएवढाच जड. आणि एकदा त्यांच्या सूनबाईनं झाडताना प्लग काढला आणि परत लावताना सरळ भिंतीतल्या सॉकेटला लावला. पुढचं तुम्हीच समजा. त्या घरात अजून सूनबाई आणि सासरे एकमेकांशी "यांना सांगा, त्यांना सांगा" असं बोलतात म्हणे.

हं, तर परवा तुमच्याकडून तो जुना शंभरचा पिवळा बल्ब नेला ना, तो याच्यासाठी. तुम्हाला वाटलं असेल ही बाई देवघरात लावणार. छे! वर्षानुवर्षं बंद असलेलं यंत्र एकदम २३० वर टाकायचं नसतं. आतल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरच्या आत ॲल्युमिनियमवर एक ऑक्साइडचा थर असतो. वापर नसला की तो विरतो. एकदम पूर्ण व्होल्टेज दिलं तर कपॅसिटर तापतो, कधी फुटतोही. म्हणून फेजच्या वायरीत बल्ब घालायचा. आत काही शॉर्ट असलं तर सगळा जोर बल्ब खातो, यंत्र वाचतं. एलईडीचा उपयोग नाही, तारेचाच हवा. आणि डिमरस्टॅट असेल तर त्याहून उत्तम, हळूहळू चढवत न्यायचं. माझ्याकडे आहे एक, रिटायर झाल्यावर लिलावात घेतलेला.

साहेब म्हणाले, "अगं, पण तो सर्व्हिस केलेला आहे." मी म्हटलं, झाकण काढा.

काढलं. आणि पहिलीच गोष्ट काय दिसली असेल? फ्यूज. काचेचा फ्यूज, आतली तार केव्हाच गेलेली, आणि वरून सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून होल्डरमध्ये दाबून बसवलेली! कडेला थोडी काळवंडलेली, मध्ये अजून चमकत होती. मी चिमट्यानं उचलली आणि त्यांच्या तळहातावर ठेवली. म्हटलं, ही तुमची पूर्ण सर्व्हिस. ती चांदी काही वितळणार नव्हती. जळायचं ते दुसरंच काही जळलं असतं.

मग मी पदर खोचला. आधी योग्य फ्यूज. मग बल्ब लावून सुरू केलं. बल्ब भपकन पेटला, आणि मी डोळे त्याच्यावर ठेवून बसले. मंद होत होत नुसती तार लाल राहिली. म्हणजे मोठे कपॅसिटर भरले आणि शॉर्ट नाही. तो तसाच ढळढळीत जळत राहिला असता तर साहेबांच्या अडतीस हजारांची आरती झाली असती.

हात घालायच्या आधी ते कपॅसिटर रिकामे करायचे बरं का. दहा हजार मायक्रोफॅरडचे दोन, एकेकावर पन्नास व्होल्ट. प्लग काढला तरी आत साठा राहतो. आमची पोरं स्क्रूड्रायव्हर लावून ठिणगी काढायची, मग मी वर्गात जे बोलायची ते इथे कुंपणावर नाही सांगता येणार. जाडसर रेझिस्टर लावायचा, मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबायचं.

आता खरी गंमत. बल्ब काढला, पूर्ण व्होल्टेज दिलं, गाणं वगैरे काही नाही, नुसता चालू. अर्ध्या तासानं हात लावला तर हीटसिंक चांगलाच गरम. आणि हा ४०५ आहे हो, नुसत्या बसलेल्या दांडग्या ट्रान्झिस्टरांना इथे करंट लागतच नाही, तो जेमतेम कोमट राहायला हवा. साहेब म्हणाले, "विंटेज आहे, तापणारच." मी भोसरीच्या माझ्या एका विद्यार्थ्याला फोन केला. पोरगा गुणी, स्कोप गाडीत घालून घेऊन आला. बघतो तर काय, इनपुटला काही नाही आणि आउटपुटची रेघ ही एवढी जाड. आपल्या कानाला ऐकू येणार नाही इतक्या वरच्या सुरात तो ॲम्प्लिफायर एकटाच रात्रंदिवस किंचाळत होता!

कारण? सुरुवातीच्या ४०५ मध्ये इनपुटला एलएम ३०१ नावाचा आयसी असतो. साधा, जुना, सावकाश चालणारा. पुढच्या ४०५-२ मध्ये कंपनीनं टीएल ०७१ घातला. आमच्यावाल्यात कुणीतरी तो जुना काढून सोनेरी सॉकेटवर एक महागडा, भलताच चपळ आयसी बसवला होता. आवाज उघडावा म्हणून. पण भोवतालचं सर्किट त्या सावकाश आयसीच्या बेतानं आखलेलं. चपळ गडी तिथे आवरतो कुठे? ते महागडं रत्न काढलं आणि पासोड्या विठोबाकडच्या एका दुकानातून दोन एलएम ३०१ आणले. दोन्ही मिळून पावभाजीपेक्षा स्वस्त. हीटसिंक गार.

साहेबांच्या रविवारच्या मित्रमंडळाला हे कळलं तेव्हा सुतकच पडलं. त्यांचं ठरलेलं असतं, सगळे कपॅसिटर बदला, सगळे ट्रान्झिस्टर बदला, वायरी बदला. मग राहिलं काय वॉकरचं? पत्र्याची पेटी? मी सांगितलं, मोजून बघू. डाव्या बाजूला स्पीकरच्या टोकांवर डीसी जरा जास्त येत होता. आणि स्पीकर वाचवायला यात रिले नसतो, म्हणून हे मोजल्याशिवाय चांगला स्पीकर जोडायचाच नाही. तपासायची युक्ती सोपी. दोन्ही बाजूंची सर्किटं सारखीच. चांगल्या बाजूचा आकडा घ्यायचा, बिघडलेल्या बाजूशी ताडायचा, एकेक ठिकाण पुढे सरकायचं. जिथे आकडे फारकत घेतात तिथे चोर. चोर निघाला एक चिमुकला इलेक्ट्रोलिटिक, गळका. तसले छोटे इलेक्ट्रोलिटिक मग दोन्ही बाजूंचे बदलले, कारण ते सुकतातच. मोठे दोन मोजले, ठणठणीत. ठेवले. रेझिस्टरांना आणि फिल्म कपॅसिटरांना हातही लावला नाही. आउटपुटचे ट्रान्झिस्टर तर मुळीच नाही. बाजारात मिळणाऱ्या त्या जुन्या नंबरांच्या मालात नकली किती! वरचा नंबर घासून नवा छापलेला, आत चिप तांदळाच्या कणीएवढी. असलेला खरा काढून नकली घालायचा, याला का रिस्टोरेशन म्हणायचं?

एक मित्र म्हणाला, "वहिनी, पण नवीन घातलं तर आवाज सुधारेल ना?" मी विचारलं, "तुम्ही आधीचा ऐकलाय?" नव्हता ऐकला. चहा घेऊन गेले.

एवढं होऊनही साहेबांचं तोंड वाकडं. का, तर व्हॉल्यूम जरा हलवला की एकदम ढणढणाट. अहो, या क्वाडला पूर्ण आवाजाला अर्धा व्होल्ट पुरतो, आणि त्यांचा तो सीडी प्लेयर ओततोय दोन व्होल्ट. मागची इनपुटची पिनसुद्धा जुनी, डिन प्लगची. वायर करावी लागणारच होती, त्यातच दोन-दोन रेझिस्टर घालून दिले. आता बटण निम्म्यापर्यंत फिरतं, आणि ते फिरवताना साहेबांचा चेहरा असा की जणू मुंबई-पुणे रेल्वे चालवतायत.

काल दुपारी तुम्ही ऐकलंत ते तेच. नाही, तबलजी आला नव्हता. मीही स्वयंपाकघरातून बाहेर आले, खोटं कशाला बोलू. डग्ग्यावरची घिस्स ऐकू येत होती, बोटाची. पण हे त्यांना सांगू नका हं. नाहीतर लगेच प्रीॲम्प्लिफायर हवा म्हणतील. त्याचीही जाहिरात उघडून बसलेले मी पाहिलेत, मला बघून क्रिकेटचा स्कोअर लावला.

काय म्हणता? तुमच्या माळ्यावर सासऱ्यांचा व्हॉल्वचा रेडिओ आहे? आणि भाऊसाहेब आज संध्याकाळी लावून बघणार आहेत? अहो, आत्ताच्या आत्ता जा आणि त्यांच्या हातून प्लग काढून घ्या! व्हॉल्वच्या सेटमध्ये अडीचशे-तीनशे व्होल्ट असतात आणि त्या काळचे कागदी कपॅसिटर तर हमखास गळके. पुसू नका, काही फिरवू नका, आहे तसा मुलाच्या हाती इकडे पाठवा. भाऊसाहेबांना मात्र पाठवू नका. हे दोघं एकत्र बसले की जुन्या बाजारात जायचं ठरेल, आणि उद्या रविवार आहे.