मुदतीतला लेखक

दिवाळी अंकाच्या लेखाला दोन मुदती असतात. एक संपादकाच्या पत्रातली, दुसरी खरी. पहिली बहुधा गणपतीच्या आधीची असते. दुसरी छापखान्याकडून संपादकाला आणि संपादकाकडून लेखकाला चढत्या आवाजात कळते. लेखकाची तपश्चर्या आणि तिचा भंग, दोन्ही या मधल्या काळात उरकतात.

मराठीतला पहिला दिवाळी अंक म्हणून १९०९ सालचा 'मासिक मनोरंजन'चा अंक ओळखला जातो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी तो काढला. त्यांच्या दूरदृष्टीबद्दल बरेच बोलले जाते, पण पंचांगाच्या बाबतीत त्यांनी पुढच्या पिढ्यांना अडकवून ठेवले आहे. अंक दिवाळीत हवा म्हणजे लेखन पावसाळ्यात करणे आले. आणि मराठी घरात श्रावणाइतका माणसांनी, नैवेद्यांनी आणि वर्गणीच्या पावत्यांनी गजबजलेला महिना दुसरा नाही. दिवाळी पाडव्याऐवजी गुढीपाडव्याला अंक काढण्याची प्रथा पडली असती, तर मराठी साहित्य थंडीत, बंद खिडक्यांआड, शांतपणे लिहिले गेले असते.

व्यत्यय बाहेरून येतात तसे आतूनही उगवतात. बाहेरच्यांचे मूळ एका गैरसमजात आहे. घरी बसून लिहिणारा माणूस हा घरच्यांच्या, शेजाऱ्यांच्या आणि वॉचमनच्या मते 'घरीच असलेला' माणूस असतो. त्यामुळे समोरच्या फ्लॅटचे कुरिअर त्याच्याकडे येते, गॅस सिलिंडर तो उतरवून घेतो, टँकर आल्याचे त्याला सांगितले जाते आणि सोसायटीच्या टाकीचे झाकण कुणी उघडे ठेवले याची साक्षही त्यालाच द्यावी लागते. नोकरीवर जाणाऱ्या माणसाला असे कुणी विचारत नाही. तो तिथे काय करतो हेही कुणी विचारत नाही.

यातला सर्वांत अवघड व्यत्यय म्हणजे कुकर. फ्रांचेस्को चिरिल्लो या इटालियन विद्यार्थ्याने १९८०च्या दशकाच्या अखेरीस टोमॅटोच्या आकाराचे स्वयंपाकघरातले घड्याळ लावून अभ्यास करण्याची एक पद्धत बसवली. पंचवीस मिनिटे काम, मग पाच मिनिटे विश्रांती. ही पद्धत 'पोमोदोरो' या नावाने जगभर गेली. मराठी घरात तिची आवृत्ती 'तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद कर' एवढ्या एका वाक्यात मिळते. मात्र तिच्यात विश्रांतीची तरतूद नाही. शिवाय शिट्ट्यांमधले अंतर ठरलेले नसते. पहिली लवकर होते, दुसरी रेंगाळते, आणि तिसरीची वाट पाहताना कर्ता, कर्म आणि क्रियापद एका ओळीत आणणे फार थोड्यांना जमते. जमलेच, तर आता झाली ती तिसरी की चौथी, हा प्रश्न उरतो. वरणाचा लगदा झाल्यावर तो सुटतो.

तरीही बाहेरच्या व्यत्ययांची बदनामी अवाजवी आहे. दाराची बेल दहा मिनिटे खाते. लेखक तिच्या नावावर अख्खी दुपार मांडतो. बाकीची दुपार आतले व्यत्यय खातात आणि ते कामाचा वेष घेऊन येत असल्यामुळे पकडले जात नाहीत. टेबल पुसणे, फॉन्ट बदलून पाहणे, मथळा आधी ठरवणे, पंख्यावर वर्षभर सुखाने राहिलेली धूळ नेमकी याच सकाळी दिसणे, ही त्यातली साधी उदाहरणे. शब्दकोश हे घातक उदाहरण होय. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढवलेली आवृत्ती आली. एखाद्या शब्दाची खात्री करायला त्यात शिरलेला माणूस शेजारच्या शब्दावर रेंगाळतो, तिथून मागच्या पानावर जातो आणि दिवेलागणीला बाहेर येतो. मूळ शब्द पाहायचा राहिलेला असतो. पण दिवसभर अभ्यास झाला असे घरात सांगता येते, आणि ते खोटेही नसते.

मुदत कडक असली की काय होते, याचा नामांकित दाखला रशियातला आहे. दस्तयेवस्कीने स्तेलोव्स्की या प्रकाशकाशी असा करार केला होता, की १ नोव्हेंबर १८६६पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढली नऊ वर्षे त्याचे लेखन फुकट छापण्याचा हक्क प्रकाशकाला मिळेल. ऑक्टोबर उजाडला तेव्हा या कादंबरीचे काहीच लिहून झालेले नव्हते. मग आन्ना स्नितकिना ही लघुलेखिका आली आणि 'जुगारी' ही कादंबरी सव्वीस दिवसांत सांगून पूर्ण झाली. प्रकाशक शहराबाहेर गेला होता, म्हणून हस्तलिखित पोलीस ठाण्यात देऊन पोच घ्यावी लागली. पुढच्या फेब्रुवारीत लेखकाने लघुलेखिकेशी लग्न केले. मराठी संपादकांच्या हाती यातले काहीच नाही. मानधनाचा आकडा पाहता नऊ वर्षे फुकट छापण्याची धमकी लेखकाला विशेष वेगळी वाटणार नाही.

त्यांच्या हाती फोन असतो. 'कुठवर आलंय?' या प्रश्नाला 'शेवटचा हात फिरवतोय' असे उत्तर येते. त्याचा अर्थ कागद कोरा आहे, असा दोन्ही बाजू घेतात. फोन तांदळाच्या डब्यात ठेवणे, वाचनालयात जाऊन बसणे, गावी निघून जाणे हे उपाय करून पाहिले जातात. गावी रेंज नसते, नातेवाईक असतात. पत्रातली तारीख मुद्दाम पंधरा दिवस अलीकडची टाकणे हा संपादकांचा आवडता डाव आहे, परंतु लेखकांना तो ठाऊक असल्याने ते पंधरा दिवस आधीच हिशेबात धरलेले असतात. लेख शेवटी एका रात्रीत होतो. त्या रात्री बेल वाजत नाही, कुकर लावलेला नसतो आणि पंख्यावरची धूळही दिसत नाही.

अंकातला एकच मजकूर न मागता, मुदतीच्या आत हजर होतो, तो म्हणजे वार्षिक राशिभविष्य. त्यामुळे अनुभवी संपादक अंकाची जुळणी शेवटच्या पानांपासून सुरू करतात.