पतसंस्थेच्या उदार अध्यक्षांस

मा. अध्यक्ष महोदय,


वार्षिक सर्वसाधारण सभेची आपली ईमेल-सूचना मला मिळाली. स्पॅममध्ये मिळाली, पण मिळाली. तिच्या शेजारीच संस्थेच्या नावाने आणि संस्थेच्याच पत्त्यावरून आलेला दुसरा ईमेल होता: ‘केवायसी अद्ययावत करा, अन्यथा खाते गोठवले जाईल.’ एक आपला, एक भामट्याचा. सभासदांत भेदभाव करायचा नाही हे आपलं धोरण आपण बाहेरच्यांनाही लागू केलंत, याबद्दल अभिनंदन.

मूळ दोष आपला नाही. ज्या एसएमटीपी नियमांवर ईमेलची ये-जा चालते, ते जॉन पोस्टेल यांनी १९८२ साली मांडले, तेव्हा प्रेषक स्वतःचं जे नाव सांगेल ते खरं धरायची पद्धत होती. पुढे जगाने उपाय शोधले. आपण मात्र जुन्या विश्वासाला जागलात.

तरी आपल्याकडे काहीच नाही असं कसं म्हणू? डोमेनच्या डीएनएस नोंदी कोणालाही पाहता येतात, म्हणून पाहिल्या. ‘आमच्या नावाने कोणते सर्व्हर ईमेल पाठवू शकतात’ हे सांगणारी एसपीएफ नोंद आपल्याकडे आहे. एक नव्हे, दोन! एक होस्टिंगवाल्याने केलेली, दुसरी वार्तापत्रवाल्याने. एकाने दुसऱ्याला विचारलेलं दिसत नाही. एका डोमेनला एकच एसपीएफ नोंद चालते. दोन सापडल्या की तपासणारा सर्व्हर ती चूक मानतो आणि दोन्ही निरुपयोगी ठरतात. संचालक मंडळातल्या दोन गटांचा अनुभव असलेल्या आपल्याला हे वेगळं सांगायला नको.

डीकेआयएम, म्हणजे प्रत्येक ईमेलवरची डिजिटल सही, नाहीच. डीमार्कही नाही. ‘प्रेषकाचं डोमेन एसपीएफ आणि डीकेआयएम या दोन्ही तपासण्यांत जुळलं नाही, तर ईमेलचं काय करायचं’ हे डीमार्क सांगतं: सोडा, स्पॅममध्ये टाका किंवा परतवून लावा. पहिला पर्याय आपल्याला आवडेल, कारण तो फायलीवरच्या ‘पाहू’ या शेऱ्यासारखा आहे. सुरुवातीला तोच ठेवतात, पण त्यातून येणारे अहवाल वाचून पुढे सरकायचं असतं. या सगळ्याला लागतात डीएनएसमधल्या मोजक्या ओळी आणि सर्व्हरवर सही सुरू करणं, आणि त्याचा सहसा वेगळा खर्च नाही. खर्च नाही म्हणजे निविदा नाही, ही अडचण मी समजू शकतो.

फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर (गूगलच्या हिशेबाने दिवसाला पाच हजारांवर) ईमेल पाठवणाऱ्यांना या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या. आपण तेवढे पाठवत नाही, पण लहानांनाही एसपीएफ किंवा डीकेआयएम यांपैकी एक लागतंच. शिवाय पडताळणी झाली म्हणून इनबॉक्सची हमी मिळत नाही. आपल्या वाढदिवसानिमित्त सर्व सभासदांना जाणारं ते सचित्र अभीष्टचिंतन लोक स्पॅम म्हणून नोंदवतात. प्रेषकांनी अशा तक्रारी हजारात तीनच्या आत ठेवाव्यात, असं गूगलचं म्हणणं आहे. त्या फोटोपुढे हे प्रमाण टिकेल असं मला वाटत नाही.

तेव्हा पुढच्या सभेआधी त्या दोन एसपीएफ नोंदींची एक करून घ्यावी, सही सुरू करावी आणि आपल्या नावाने कोण कोण लिहितंय याचे अहवाल कोणीतरी वाचावेत. तोवर सभेची सूचना कृपया टपालाने पाठवावी.

कळावे,
आपला एक सभासद