नऊ धातू मोजून थांबलेल्यांना खुले पत्र

प्रति,
पर्यावरण संरक्षण संस्था (ईपीए),
वॉशिंग्टन, अमेरिका

अधिकारीसाहेबांनो,

शहरांच्या सांडपाण्याचा गाळ शेतात टाकण्यासाठी 1993 मध्ये तुम्ही नियम बांधून दिलात. रोगजंतू मारायचे, शिसे, पारा, कॅडमियम, आर्सेनिक धरून नऊ धातू मोजायचे, की गाळ खत म्हणून शेतावर न्यायला मोकळा. ज्या गटारात घराघरांतली न्हाणीघरे, दवाखाने आणि क्रोमचा मुलामा देणारे कारखाने एकत्र वाहतात, त्याच्या तळाशी तुम्हाला मर्यादा घालण्याजोग्या नऊच गोष्टी दिसल्या!

या नियमाचा दर दोन वर्षांनी फेरआढावा घ्या, असे स्वच्छ जल कायदा तुम्हाला बजावतो. आढावे झाले, याद्या लांबल्या. दहाव्या रसायनाला मर्यादा काही लागली नाही. 2018 मध्ये तुमच्याच महानिरीक्षकांनी लिहिले की गाळात सापडलेल्या 352 प्रदूषकांचा धोका किती, हे ईपीए सांगूच शकत नाही, कारण त्यासाठी लागणारी माहिती तिच्याकडे नाही. त्यांतले 61 इतर सरकारी याद्यांत घातक किंवा प्राधान्याचे प्रदूषक म्हणून आधीच नोंदलेले होते. मोजायचेच नाही असे ठरवले की कागदावर धोका शून्य राहतो. शेतकऱ्याच्या विहिरीत तो शून्य राहत नाही.

मेन राज्यातल्या अरुंडेलला जाऊन विचारा. तिथल्या एका गोठ्यातल्या दुधात 2016 मध्ये पीएफओएस हे रसायन सापडले. त्या शेतावर कित्येक वर्षे परवानगी घेऊन गाळ पसरला होता. पीएफएएस गटातल्या या रसायनांत कार्बन आणि फ्लोरिनचा बंध इतका घट्ट असतो की सांडपाणी केंद्रातली प्रक्रिया तो तोडू शकत नाही. काही पूर्वरसायनांपासून तर तिथेच नवे पीएफओएस तयार होते. गाळातून ते मातीत उतरते, मातीतून चाऱ्यात आणि भूजलात, चाऱ्यातून दुधात. नियम पाळणाऱ्या शेतकऱ्याचा धंदा बुडाला आणि नियम करणारे खुर्चीत राहिले. शेवटी 2022 मध्ये मेनने शेतात असा गाळ टाकण्यावर बंदी घातली. जे काम वॉशिंग्टनने करायचे, ते एका छोट्या राज्याने केले.

जानेवारी 2025 मध्ये तुमचा धोका-मूल्यांकनाचा मसुदा आला. गाळात किलोमागे 1 मायक्रोग्रॅम पीएफओएस किंवा त्याच गटातले पीएफओए असले, तरी तो गाळ टाकलेल्या शेतावर राहणाऱ्या आणि तिथलेच दूध, अंडी, पाणी घेणाऱ्या कुटुंबाला असलेला धोका काही परिस्थितींत तुमची स्वीकारार्ह पातळी ओलांडतो, हे त्यात तुम्हीच मांडलेत. एवढे लिहायला 32 वर्षे! पिण्याच्या पाण्यात याच दोन रसायनांना तुम्ही 2024 मध्ये लिटरमागे 4 नॅनोग्रॅमची मर्यादा घातलीत. गाळाच्या मसुद्यात मात्र बंधनकारक आकडा एकही नाही. विहिरीत जे विष, ते बांधावर खत कसे?

गाळात नत्र आणि स्फुरद आहे, तो पुन्हा मातीत जावा, हे आम्हालाही पटते. म्हणूनच तो आधी तपासला पाहिजे. मिशिगनने मुलामा कारखान्यांसारखी उगमस्थाने शोधून त्यांना सांडपाणी आधी शुद्ध करायला लावले, तेव्हा केंद्रांतले पीएफओएस झपाट्याने उतरले. विष गटारात सोडणाऱ्याला पकडता येते. पकडायची इच्छा हवी.

तुमच्या नियमाकडे बोट दाखवून जगभरचे अधिकारी गाळाला सुरक्षित म्हणतात, म्हणून हे पत्र मराठीतून. भारताच्या खत नियंत्रण आदेशातही शहरी कंपोस्टमधल्या विषारी घटकांची मर्यादा म्हणजे जड धातूंचीच यादी आहे. पीएफएएस तिच्यात नाही.

तेव्हा साहेबांनो, मसुदा गुंडाळून ठेवू नका. गाळाला बंधनकारक मर्यादा घाला, ज्यांची जमीन नासली त्यांना भरपाई द्या, आणि तोवर न तपासलेल्या गाळाची एकही गाडी शेतात जाऊ देऊ नका. आणि शेतकरी मित्रांनो, फुकटचा गाळ घेऊन कुणी दारात आले, तर आधी त्याच्या तपासणीचा अहवाल मागा.

कळावे,
शेतात पिकलेले खाणारा एक नागरिक