मंद्र सप्तकातला माणूस

महाराष्ट्रात गिटार वाजवणारी मुलं किती आहेत, हे मोजण्याच्या फंदात कुणी पडू नये. कॉलेजच्या प्रत्येक कट्ट्यावर एक, प्रत्येक ट्रेकमध्ये दोन, शिवाय घरोघरी कपाटावर धूळ खात पडलेल्या वेगळ्या. बेस गिटार वाजवणारा मात्र पंचक्रोशीत एखादा. त्यामुळे होतं काय, की तीन ऑर्केस्ट्रे, दोन रॉक बँड, एक अभंग-फ्यूजनवाला ग्रुप आणि नवरात्रातलं एक मंडळ, अशा सगळ्यांचा बेसवाला एकच निघतो. दिवसा तो बँकेत किंवा आयटीत असतो, राहायला डोंबिवली-कल्याणला, आणि ‘शनिवारी मोकळा आहेस का?’ हा मेसेज त्याच्या फोनवर बारा महिने येत असतो. इतकी मागणी असलेला माणूस एव्हाना शेफारायला हवा होता. तो शेफारत नाही, कारण ज्यांनी बोलावलं त्यांनाही आपण नक्की काय वाजवतो ते ठाऊक नाही, याची त्याला पक्की खात्री असते.

बेस कुणी मागून घेत नाही. तो वाट्याला येतो. कॉलेजात चार मित्र बँड काढतात, तीन जणांना लीड गिटार वाजवायची असते आणि चौथ्याला भांडता येत नाही. बीटल्सचं तरी वेगळं काय झालं? १९६१ साली स्टुअर्ट सटक्लिफने बँड सोडला, तेव्हा बेस घ्यायला कुणी राजी नव्हतं, म्हणून तो पॉल मॅकार्टनीकडे आला. ही गोष्ट आमचा बेसवाला पहिल्या भेटीत सांगतो. दुसऱ्या भेटीतही सांगतो. तिसऱ्या भेटीत लिओ फेंडर येतो. त्याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बेस’ बाजारात आणला. त्याआधी बेस म्हणजे माणसाहून उंच डबल बेस, शेजारी उभं राहून वाजवायचा. फेंडरने तो गळ्यात अडकवता येईल असा केला आणि मानेवर पडदे बसवले, म्हणजे बोट जागेवर पडलं की सूर नेमका लागणार. “आणि गंमत म्हणजे,” बेसवाला आवाज खाली आणून सांगतो, “फेंडरला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती!” यात त्याला एवढा आनंद का होतो, ते मला अजून कळलेलं नाही. बहुधा वाजवता न येणाऱ्याने केलेलं, ऐकू न येणारं वाद्य आपण सांभाळतो आहोत, असं काहीतरी असावं.

गळ्यात अडकवता येत असलं, तरी हे वाद्य चार फुटांच्या आसपास भरतं आणि पिशवीसकट पाठीवर घेतलं की डोक्याच्या वर निघतं. शुक्रवारी संध्याकाळी कार्यक्रम असला की ते सकाळच्या फास्ट लोकलमध्ये न्यावं लागतं. डब्यात शिरतानाच चार लोकांची टोपी उडते, मग प्रवासभर माफी मागावी लागते. त्यात डब्यात भजनी मंडळ असलं, तर विचारूच नका. टाळ थांबतात. “गिटार का? वा! होऊन जाऊ द्या एखादं.” हा सांगतो, की ही बेस गिटार आहे, हिच्यावर एकट्याने गाणं होत नाही. शिवाय अँपला जोडल्याशिवाय आवाजही येत नाही. मंडळी क्षणभर विचार करतात. “मग हिचा उपयोग काय?” ठाण्यापर्यंत कुणालाच समाधानकारक उत्तर सापडत नाही आणि टाळ पुन्हा सुरू होतात.

आवाजाचं दुखणं घरापर्यंत जातं. बेसची सगळ्यात जाड तार सेकंदाला जेमतेम ४१ वेळा थरथरते. मोबाइलच्या चिमुकल्या स्पीकरला इतक्या खाली उतरणं झेपत नाही. कार्यक्रमाचा व्हिडिओ आईला पाठवला, की तिचा फोन येतो: “छान झालाय रे. तू हात हलवतोयस ते अगदी स्पष्ट दिसतंय.”

साउंड चेकलाही तेच. ड्रमचा एकेक तुकडा वीस-वीस मिनिटं बडवून पाहिला जातो. गायिका “हॅलो चेक, एको थोडा वाढवा दादा” म्हणत सबंध अंतरा उरकून घेते. मग साउंडवाला म्हणतो, “बेस द्या.” हा तीन सूर देतो. “ओके, झालं.” पहिल्या काही वर्षांत तो वीस किलोचा स्वतःचा अँप रिक्षाने घेऊन जायचा. साउंडवाला त्याची वायर काढायचा, डीआय बॉक्समध्ये खोचायचा आणि सरळ मिक्सरला द्यायचा. अँपवर पाण्याच्या बाटल्या आणि कीबोर्डवाल्याची वडापावची प्लेट ठेवली जायची. हल्ली अँप घरी असतो आणि त्यावर कुंडी असते.

मांडवातल्या विजेला अर्थिंग ही चैन परवडत नाही. तारांवरचा हात उचलला की ‘घूं’ सुरू, हात ठेवला की घूं बंद, आणि हात ठेवून ओठ माइकला लागले की झटका. म्हणूनच बेसवाले कोरस गात नाहीत असा माझा अंदाज आहे. ते मात्र याला ‘स्टेजवरचा संयम’ म्हणतात. एकदा पनवेलच्या पुढे हळदीच्या कार्यक्रमाला नवऱ्या मुलाच्या काकांनी फोनवर विचारलं, “भाऊ, बेस किती आणणार?”

“एक.”

“एकाने काय व्हतंय? गेल्या साली आठ व्हते! आठ बेस, चार टॉप!”

काकांना डीजेचे खोके अभिप्रेत होते. हा एकटाच, चार तारा घेऊन पोहोचला, तेव्हा काकांनी त्याला खालून वरपर्यंत न्याहाळलं आणि आधी जेवून घ्यायला सांगितलं. आगरी-कोळी हळदीतला तो सहाच्या चालीचा ठेका मात्र त्याला मनापासून आवडतो. तिथे कुणी ऐकत नसलं, तरी नाचणाऱ्यांच्या पायांना बेस कळतो. एरवी भिंतीसारखे उभे राहणारे बेसवाले हळदीत चक्क गुडघ्यातून हलताना मी पाहिले आहेत.

त्याच्या उलट दिवाळी पहाट. पहाटे साडेपाचला मोगऱ्याचे गजरे, पैठण्या, उटण्याचा वास आणि कोपऱ्यात झब्बा घातलेला बेसवाला. अडचण अशी, की अभंगाला कॉर्ड नसते. रागात एका सुराखाली दुसरा सूर धरायचा, तर कोणता धरायचा, हे ना ग्रंथात लिहिलेलं, ना पेटीवाल्या काकांना मान्य. यूट्यूबवर शिकून आलेली चार-चार कॉर्डची वळणं त्याने तालमीत एकदा वाजवून दाखवली. काकांनी पेटीचा भाता थांबवला. “हे बघा, छान आहे, पण तुम्ही आपले षड्जावर राहा.” तेव्हापासून तो नऊ मिनिटांचा अभंग षड्जावर राहतो आणि महिन्याला हप्ता भरलेल्या वाद्यातून विजेवरच्या तानपुऱ्याचं काम करतो. एका वर्षी त्याने बिनपडद्यांची, म्हणजे फ्रेटलेस, बेस नेली होती. अमेरिकन बेसवादक जॅको पास्टोरियसने आपल्या बेसचे पडदे उपटून भेगा बुजवल्या होत्या, असं जॅको स्वतः सांगायचा, त्याची आठवण ठेवून. तिच्यावर मींड निघते. त्याने कोमल ऋषभावरून षड्जावर एक लांब, जाड मींड घेतली आणि गायकाने वळून पाहिलं. इतक्या वर्षांत गायकाने वळून पाहण्याची ही एकमेव नोंद आहे. तबलजीचं म्हणणं मात्र असं पडलं, की तेवढ्यात त्याच्या डग्ग्याचं मातेरं झालं. डग्गा आणि बेस हे एकाच घराचे दोन वारस आहेत, वाटणी कधी सुखाने होत नाही.

नवरात्राबद्दल फार बोलण्यात अर्थ नाही. एरवी लाउडस्पीकर रात्री दहाला बंद, सरकारने सूट दिलेल्या दिवशी बारापर्यंत, आणि तोवर दोन सुरांचा एकच तुकडा, दर दहा मिनिटांनी थोडा जलद. अष्टमीपर्यंत बोटांना फोड, नवमीला टेप.

रॉक बँड ही त्याची हौस. सगळे चाळिशीचे, तासावर भाड्याने मिळणाऱ्या जॅमरूममध्ये दोन महिन्यांतून एकदा जमतात. एकाच्या मुलाची परीक्षा, दुसऱ्याचा अमेरिकेबरोबरचा कॉल. गिटारवाला सोलो वाढवत नेतो, ड्रमर त्याच्यावर चिडतो आणि दोघंही बेसवाल्याला फोन करून एकमेकांबद्दल सांगतात. बँड टिकतो तो या फोनांमुळे. बँड मोडला, की दोन्ही तुकड्यांना बेसवाला तोच लागतो, म्हणून त्याला कुणाशी वाईटपणा परवडत नाही.

पोटावर पाय येण्याची भीती त्याला दोन ठिकाणांहून आहे: कीबोर्डवाल्याचा डावा हात आणि पेनड्राइव्हमधला ट्रॅक. संयोजकाला एक पाकीट वाचवायचं असलं, की पहिली काट बेसवर. यावर तो हमखास टीबी-३०३ ची कथा काढतो, आणि ही कथा मलाही आवडते. एकट्या गिटारवाल्याला सराव करताना बेसची साथ मिळावी, म्हणून रोलँड कंपनीने १९८१ च्या अखेरीस हे पेटीवजा यंत्र काढलं. बेस गिटारसारखं ते अजिबात वाजेना, १९८४ मध्ये बंदच पडलं. पुढे जुन्या बाजारात स्वस्तात मिळायला लागलं, तेव्हा शिकागोच्या पोरांनी त्याच्या चिरक्या आवाजावर ॲसिड हाउस नावाचं नाचाचं संगीत उभारलं. पण त्यांच्याही आधी, १९८२ मध्ये, हिंदी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांत वाजवणारे मुंबईचे चरणजित सिंग यांनी तेच यंत्र घेऊन डिस्कोच्या ठेक्यावर दहा रागांची रेकॉर्ड केली होती. तेव्हा ती खपली नाही. जगाला तिचा शोध कैक वर्षांनी लागला. “म्हणजे बघा,” बेसवाला म्हणतो, “आमची जागा घ्यायला निघालेल्या मशीनलासुद्धा कुणी ओळखलं नाही.”

त्याच्याबरोबर लग्नाला जाऊ नये. हॉलमध्ये आर. डी. बर्मनचं गाणं लागलं, की जिलबी अर्ध्यावर ठेवून तो शेजाऱ्याचा हात धरतो. “बेस ऐका. टोनी वाझ!” शेजारी आदराने विचारतो, “वाझ म्हणजे वसईचे का?” कुठलंही गाणं त्याला इतरांसारखं ऐकताच येत नाही, शब्द कधी लक्षात राहत नाहीत, मुखडा कोण गातंय ते सांगता येत नाही, पण दुसऱ्या अंतऱ्यात बेस कुठे गप्प बसला, ते तारखेसकट आठवतं. मोहिनी डेचे व्हिडिओ तो रात्री उशिरा, सगळे झोपल्यावर पाहतो. मुंबईचीच मुलगी, वडिलांकडे बेस शिकलेली, आणि बोटं दिसत नाहीत इतक्या वेगाने वाजवते. त्या रात्री त्याला अभिमानाने झोप लागत नाही, आणि नंतरचे तीन दिवस तो स्वतःच्या गिटारला हात लावत नाही.

सामानाच्या बाबतीत हा माणूस कर्णही आहे आणि कंजूषही. पेडल घेईल, जर्मन केबल घेईल, खांद्याला रग लागते म्हणून चामड्याचा रुंद पट्टा घेईल. तारा मात्र बदलणार नाही. बेसच्या तारांचा संच साध्या गिटारच्या कितीतरी पट महाग. त्यासाठी त्याने एक गुरू शोधून ठेवला आहे: मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांत बेस वाजवणारा जेम्स जेमर्सन. तो एकाच बोटाने छेडायचा, तार तुटेपर्यंत बदलायचा नाही, आणि त्याचं नाव रेकॉर्डवर छापून यायला १९७१ उजाडलं. यांपैकी न बदललेल्या तारा आणि न छापलेलं नाव, एवढं आमच्या बेसवाल्याने तंतोतंत आत्मसात केलं आहे. त्याची गिटार ‘अ‍ॅक्टिव्ह’ आहे, म्हणजे पोटात नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी लागते. केबल खोचलेली राहिली की बॅटरी आतल्या आत संपते, आणि हे रविवारी रात्री नऊला, चालू गाण्यात कळतं. कोपऱ्यावरच्या वाण्याकडे सगळ्या बॅटऱ्या असतात, ही सोडून.

आता पाचव्या तारेचं.

आपल्याकडे गायक ‘डी शार्प’ म्हणत नाही, ‘काळी दोन’ म्हणतो. महाराष्ट्रातले निम्मे पुरुष गायक काळी एक नाहीतर काळी दोनमध्ये राहतात. आणि चार तारांच्या बेसची सगळ्यात खालची तार मिळवलेली असते पांढरी तीनला. म्हणजे काळी दोनवाल्या गायकाचा षड्ज बेसच्या तळाच्या एक पायरी खाली. समेवर घरी परतायची वेळ आली, की सगळे खाली उतरतात आणि बेसवाला एकटा जिना चढून वरच्या मजल्यावरचा षड्ज वाजवतो. पाच तारांची बेस घेतली, तर तळ पांढरी सातपर्यंत जातो आणि काळी एक, काळी दोन दोन्ही पोटात येतात. विलायतेतल्या लोकांना पाचवी तार कशासाठी लागते ते त्यांना ठाऊक. इथे ती वाद्यवृंदाची मूलभूत गरज आहे.

हे सगळं त्याने एका रविवारी बायकोला कागदावर पट्ट्या काढून समजावलं. तिने पोळ्या लाटता लाटता शेवटपर्यंत ऐकलं.

“या चार तारांतल्या चारही वापरतोस का तू?”

“अगं, प्रश्न तो नाहीये. काळी दोनचा सा...”

“मग त्या गायकालाच सांग ना पांढरी तीनमध्ये गायला. अर्धी पट्टी वर. फुकटात काम होईल.”

त्याने कागदाकडे पाहिलं. हिशोब बरोबर होता. “बोलतो त्याच्याशी,” तो म्हणाला, आणि कुरिअरवाल्याने सकाळीच बाल्कनीत ठेवलेला चार फुटी खोका तिला दिसू नये, म्हणून कपडे वाळत घालायला स्वतःहून उठला.