गोफणगुंड्याची अचूकता : एक अनावश्यक मीमांसा

दादर ज्वारीचा दाणा दुधावर आला, की खानदेशात दोन जमाती जाग्या होतात. एक पाखरांची, दुसरी, राखणीच्या निमित्ताने माळ्यावर बसून बिडी ओढणाऱ्यांची. या दोघींमधला व्यवहार गोफणीतून चालतो. गोफणीबद्दल थोडेफार लिहिले गेले आहे, पण तिच्यातून सुटणाऱ्या गुंड्याला विद्वानांनी अक्षरशः वाऱ्यावर सोडले. ही उणीव कुणीतरी भरून काढावी, अशी मागणी कुठूनही आलेली नाही. तरीही.

प्रश्न असा. गोफण तीच, हात तोच, माळा तोच. मग एक गुंडा बाभळीवरच्या पोपटांच्या रोखाने जातो आणि दुसरा चुलतभावाच्या मक्यात, असे का? चुलतभावाकडे याचे उत्तर असते, पण ते छापण्याजोगे नसते.

गोळीच्या चिंतेने झोप उडालेले लोक जगात आधीपासून आहेत. परदेशात रिव्हॉल्वरने कागदी चकत्यांवर नेम धरणारे हौशी लोक घरीच शिसे वितळवून साच्यात गोळ्या ओततात. शिशात कथील किती, अँटिमनी किती, यावर ते भांडतात, एकेक गोळी काट्यावर तोलतात आणि दोषी गोळी पुन्हा कढईत टाकतात. एवढे झाल्यावर त्यांच्या हाती लागलेले ज्ञान असे, की गोळी उत्तम नसली तरी चालेल, पण सगळ्या एकसारख्या हव्यात. आमच्या भुसावळ तालुक्यात वरणगावची आयुध निर्माणी 1964 पासून बंदुकीची काडतुसे बनवते; तिचाही सारा जीव या एकसारखेपणात असतो. त्याच तालुक्यातला शेतकरी मात्र हाताला येईल ते ढेकूळ गोफणीत घालतो आणि वर पाखरांना नावे ठेवतो.

तेव्हा प्रथम गुंड्याचे द्रव्य. पूर्वपक्ष नदीच्या गोट्याचा. गिरणेच्या किंवा पांझरेच्या पात्रात गोटा फुकट मिळतो. तो बेसाल्टचा, म्हणून जड, आणि पाण्याने घासून गुळगुळीत. पण नदीने हे गोटे आपल्या लहरीने घडवले आहेत. एक चपटा, एक लांबट, एकाच्या पोटात गारगोटी. चपटा गोटा हवेत कलंडतो आणि मध्येच विचार बदलतो. शिवाय जोंधळ्यात पडलेला गोटा पुढे नांगराच्या फाळाला भेटतो. सबब गोटा बाद.

उत्तरपक्ष मातीचा. यात 'काळी' आणि 'पांढरी' असे दोन संप्रदाय आहेत. कपाशीची काळी माती मळायला लोण्यासारखी. तळहातांमध्ये चार वेळा फिरवली, की लिंबाएवढा सुबक गोळा होतो आणि बोटांच्या रेषासुद्धा त्यावर उमटतात. पण ही माती पाण्याने फुगते आणि उन्हाने आक्रसते. दोन दिवसांत गुंड्याला भेगा पडतात, चौथ्या दिवशी गोफण फिरवतानाच त्याचे दोन तुकडे होतात आणि एक तुकडा फेकणाऱ्याच्याच कानशिलाशी येतो. कडबा बारीक करून, थोडी नदीची रेती घालून मळले तर भेगा कमी होतात. गावठाणातली पांढरी मुळातच समंजस. धाब्याच्या छतावर तीच टाकतात, कारण ती भेगाळत नाही. अडचण निराळीच आहे, ही माती जुन्या वस्त्यांची. गिरणेकाठी चाळीसगाव तालुक्यात बहाळ आणि तापीकाठी प्रकाशे या ठिकाणी 1950 च्या दशकात उत्खनने झाली, ती अशाच जुन्या वस्त्यांच्या टेकाडांवर. म्हणजे पांढरीचा गुंडा करताना आपण ताम्रपाषाण युगाचा एखादा थर पोपटाच्या अंगावर भिरकावत नाही ना, हे पाहिले पाहिजे. पोपटाला त्याचे काही वाटत नाही. पुरातत्त्व खात्याला वाटेल.

आता वजन. मोहेंजोदारोच्या लोकांनी हा प्रश्न आपल्या आधी सोडवला होता. तिथे मातीचे गुंडे ठरावीक वजनांचे सापडले: सहा औंसांच्या आसपासचे, आणि त्याच्या दुप्पट. ग्रीकांनी आणि रोमनांनी पुढे जाऊन शिशाचे गुंडे साच्यात ओतले, बदामी आकाराचे आणि तेवढ्याच मातीच्या गोळ्यापेक्षा कित्येक पट भारी. त्यांवर मजकूरही असे. एका ग्रीक गुंड्यावर 'झेल!' अशा अर्थाची आज्ञा आहे. इसवी सनपूर्व 41–40 मध्ये इटलीत पेरुजियाच्या वेढ्यात दोन्ही बाजूंनी जे गुंडे फेकले, त्यांवरच्या शिव्या इथे देता येत नाहीत. आमच्याकडे त्या तोंडी देण्याची पद्धत असल्याने कोरण्याचा खर्च वाचतो.

जळगावच्या सराफ बाजारात मिलिग्रॅमचा फरक दाखवणारे काटे आहेत, पण त्यांवर चिखल ठेवायचा म्हटले की सराफाचा चेहरा उतरतो. किराण्याच्या काट्यावर काम भागते. पाच-दहा ग्रॅमच्या फरकाने गुंड्यांचे ढीग लावले, ढिगांना क्रमांक दिले, आणि इथवर शास्त्र निर्वेधपणे चालले.

मग कुणीतरी गणित केले. गोफण आणि हात मिळून त्रिज्या सुमारे एक मीटर धरा, गुंड्याचा वेग सेकंदाला तीस मीटर. दोराचे टोक सोडायला सेकंदाचा शंभरावा भाग इकडेतिकडे झाला, तर दिशा सतरा अंशांनी बदलते. पन्नास मीटरवर तो फरक पंधरा मीटरचा. चुलतभावाचा मका बरोबर तेवढ्यावर आहे. म्हणजे पाच ग्रॅमसाठी काट्यावर घासाघीस करणे आणि अंगठ्याकडे ढुंकूनही न पाहणे, असा हा सगळा कारभार. रिव्हॉल्वरवाल्यांनाही ही व्यथा अपरिचित नसावी. पण गोळी दोषी ठरवणे केव्हाही सोयीचे, तिला कढईत टाकता येते.

शेतमालक नाना हे सगळे माळ्याखाली बसून ऐकत होते. त्यांचा अभिप्राय अहिराणीत आला, "पाखरू उडावानं शे भाऊ, मारानं नही." त्यांनी गोफण घेतली, आत काहीच न घालता डोक्याभोवती दोनदा फिरवली आणि झटका दिला. अंबाडीच्या दोराच्या उसवलेल्या टोकाने बार उडावा तसा आवाज काढला. अख्खा थवा मक्याकडे गेला.

क्रमांक दिलेले गुंडे नानांनी वाया घालवले नाहीत. बांधावरच्या उंदरांच्या बिळांत कोंबून त्यांवर पाणी ओतले. काळ्या मातीचे आधी, कारण ते फुगतात.