आभाळाच्या खात्यावर जमा

गेल्या दिवाळीत भाची पुण्याहून आली ती आमचा हिशेब करूनच परत गेली. पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करते. फराळाची बशी मांडीवर घेऊन तिनं प्रश्न सुरू केले. मामा, महिन्याला वीज किती युनिट? गाडी किती पळते? सिलिंडर किती दिवस पुरतो? विमानानं शेवटचं कधी गेलात? मी छत्तीस वर्षं बँकेत असले प्रश्न कर्ज देण्याआधी लोकांना विचारले. त्यामुळे मी मन लावून उत्तरं देत होतो. वाटलं, शेवटी काहीतरी मंजूर होईल. तिनं मोबाइल माझ्यापुढे धरला. वर्षाला २ टन ९०० किलो कार्बन डायऑक्साइड.

"भारतात माणशी सरासरी २ टनांच्या आसपास आहे," ती म्हणाली.

सरासरीच्या वर मी आयुष्यात कशातच गेलो नव्हतो. स्वयंपाकघराकडे तोंड करून बायकोला हाक मारणार, तेवढ्यात भाची म्हणाली, "मामा, यात कमी मार्क म्हणजे चांगलं."

"आणि अमेरिकेत?"

"१४ च्या जवळपास."

मुलगा न्यू जर्सीत असतो. तिथंही तो आमच्या पुढेच.

नंतर कुठंतरी वाचलं की, माणसानं आपापला कार्बनचा हिशेब ठेवावा ही कल्पना घरोघर पोचवली ती बीपीनं. नाव वाचून मी आधी सकाळची गोळी घेतली का ते आठवलं. पण ही बीपी म्हणजे बडी तेल कंपनी. २००४ च्या सुमारास तिनं लोकांना हिशेब करून देणारं यंत्रच आपल्या वेबसाइटवर ठेवलं होतं. गुत्तेवाल्यानं गिऱ्हाइकाला "रोज किती पिता हो?" असं काळजीनं विचारावं, त्यातला प्रकार. पण विचारणारा कोण आहे यावरून आपण किती पितो ते काही बदलत नाही. मी लाल कापडी पाठीची एक लांबट वही आणली आणि १ नोव्हेंबरपासून खातं उघडलं.

दर भाचीनं लिहून दिले होते. विजेच्या एका युनिटमागे सुमारे ७०० ग्रॅम. पेट्रोलच्या लिटरमागे २ किलो ३०० ग्रॅम. गॅसचा १४.२ किलोचा सिलिंडर संपला की ४२ किलो. इथं मी अडलो. १४ किलोच्या सिलिंडरातून ४२ किलो निघतात कसे? मुद्दलाच्या तिप्पट! आमच्या शाखेत असं झालं असतं तर चौकशी बसली असती. "जळताना कर्बाचा एकेक कण हवेतले ऑक्सिजनचे दोन कण ओढून घेतो, वजन त्यांचं," असं भाचीनं फोनवर समजावलं. म्हणजे लग्नाला एकाला बोलावलं आणि तिघं आले.

पहिल्याच आठवड्यात मी मोबाइलचे चार्जर पकडले. आमच्या घरात चार आहेत आणि चारही भिंतीला कायम डसलेले. रोज रात्री अकराला गस्त घालून मी ते उपटायला लागलो. अंधारातच, कारण दिवा लावायचा नाही. तिसऱ्या दिवशी डाव्या पायाची करंगळी दिवाणाच्या खुरावर आपटली आणि नख काळंनिळं झालं. त्या काळात मी सकाळी गच्चीवर जाऊन पूर्वेकडे बघायचो. आम्ही नाशिकला इंदिरानगरात राहतो. हवा स्वच्छ असली की लांब एकलहऱ्याच्या थर्मलच्या चिमण्या दिसतात. तिथं २१० मेगावॅटचे संच कोळशावर चालतात. धूर काही कमी झाल्यासारखा वाटेना. हे भाचीला सांगितलं तर ती बराच वेळ हसली आणि म्हणाली, "मामा, वीज अख्ख्या देशाच्या जाळ्यातून येते. तुमच्या चार्जरसाठी एकलहऱ्यात वेगळा कोळसा टाकत नाहीत."

डिसेंबरात आंघोळीचं खातं उघडलं. मुलानं मागं मोठ्या हौसेनं शॉवर बसवून दिला होता. तो बंद, बादली सुरू. नाशिकची थंडी ज्यांना माहीत आहे त्यांना पुढचं सांगायला नको. पेपरात रोज 'निफाडचा पारा घसरला' अशी बातमी, आणि मी मोरीत एक तांब्या अंगावर ओतून दुसरा भरेपर्यंत कुडकुडत उभा. शॉवरखाली माणूस विचार करतो. बादलीपुढे फक्त घाई करतो. दोघांचं मिळून रोज एक युनिट वाचलं. मार्चअखेर ८४ किलो.

दुधाला स्कूटरऐवजी पायी जायला लागलो. जाऊन-येऊन दोन किलोमीटर, १०० ग्रॅम. रविवारच्या मिसळीचं मात्र फिसकटलं. आम्ही चार मित्र मखमलाबादकडे मिसळ खायला जातो, आणि चार गाड्या काढून जातो. मोटारीचं किलोमीटरला दीडशे ग्रॅम धरा, अठरा किलोमीटरचा फेरा, म्हणजे चौघांच्या मिळून ११ किलो कार्बनवर आम्ही चार वाट्या रस्सा ओरपत होतो. मी एका गाडीत जायचा ठराव मांडला. दोन रविवार निभावलं. तिसऱ्याला, पुढं कुणी बसायचं यावरून अशी जुंपली की साठी उलटलेल्या दोन माणसांनी एकमेकांना शाळेतल्या नावांनी हाका मारल्या. वहीत १६ किलो जमा, आणि खातं बंद.

ओल्या कचऱ्याचा उद्योग हा माझा सर्वांत मोठा आणि वहीत एकही आकडा नसलेला उद्योग. घंटागाडीत टाकलेला ओला कचरा ढिगात दबला, त्याला हवा मिळाली नाही, की त्यातून मिथेन निघतो. शंभर वर्षांचा हिशेब धरला तर तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट तापदायक. घरच्या डब्यात हवा खेळती ठेवली तर खत होतं. ऐकायला सोपं. पहिल्या महिन्यात डब्यात अळ्या झाल्या. हिनं झाकण उघडलं, बघितलं, झाकण लावलं आणि दोन दिवस माझ्याशी फक्त कामापुरती बोलली. मग कळलं, साली नि भाज्यांची देठं टाकली की त्यावर मूठभर वाळका पाला टाकायचा असतो. मी सोसायटीच्या आवारात पाला वेचत फिरायला लागलो. वॉचमननं एकदा सौम्यपणे विचारलं, "काका, काही हरवलंय का?"

मार्चपर्यंत अर्धं पोतं खत झालं. काळं, भुसभुशीत, पहिल्या पावसाचा वास येणारं. आता एवढं खत फ्लॅटमधल्या दोन तुळशींना घालायचं म्हणजे त्यांचा जीव घेणंच. निफाडला माझे साडू द्राक्षं पिकवतात, त्यांना द्यावं असं ठरलं. मोटारीनं गेलो असतो तर जाऊन-येऊन १० किलो कार्बन, म्हणून सीबीएसवरून लाल परी पकडली. कंडक्टरनं पोत्याकडे बोट केलं.

"काय आहे?"

"खत."

"घरचं?"

"घरचं," मी अभिमानानं म्हटलं. आसपासची दोन माणसं उठून मागं जाऊन बसली.

साडूंच्या मळ्यात काढणी चालू होती. हिरवे घड क्रेटमध्ये भरून पॅकहाउसला चालले होते. तिथून थंडगार कंटेनरमधून बंदरावर आणि बोटीनं नेदरलँडला. ओट्यावर बसल्यावर आमच्यापुढे बशी आली ती न्यूझीलंडच्या किवीची. "एक्स्पोर्टचा माल आम्ही खात नाही," साडू म्हणाले. (बोटीनं आलेल्या फळाचा कार्बन विमानानं आलेल्या फळापेक्षा कितीतरी कमी असतो, त्यामुळे मी दोन फोडी घेतल्या.) मग त्यांनी विचारलं, "पण भाऊसाहेब, हे पोतं घेऊन यायचं खूळ काय काढलं?"

मी वहीबद्दल सांगितलं. कर्ब कमी करतोय म्हटलं.

साडूंचा चेहरा पडला. "कमी? अहो, आम्ही दर वर्षी माती तपासून घेतो. सेंद्रिय कर्ब शून्य पॉइंट चार. कृषीवाले ओरडून सांगतात, कर्ब वाढवा, कर्ब वाढवा. मी ट्रॉल्याच्या ट्रॉल्या शेणखत ओततोय, तरी वर सरकत नाही. आणि तुम्ही शहरात बसून कमी करताय?"

मला उत्तर सुचेना. शेवटी भाचीला फोन लावून स्पीकरवर टाकला. तिनं दोघांनाही शांत केलं. कर्ब एकच आहे, म्हणाली. मातीत हवा तिथं तो कमी पडलाय आणि आभाळात नको तिथं जास्त झालाय. हे मला एकदम पटलं. बँकेत याला चुकीच्या खात्यात जमा म्हणतात. रक्कम बरोबर, खातं चुकलं. अशी नोंद सापडली की आम्ही ती उलटवायचो, आणि चूक कुणाची यावर दोन दिवस पत्रव्यवहार चालायचा. साडूंनी पोत्यात हात घालून मूठभर खत नाकाशी नेलं आणि म्हणाले, "चांगलं आहे. अजून वीस ट्रॉल्या आणा."

एप्रिल उजाडला. नाशिकला एके काळी पंखासुद्धा लागत नसे, असं इथला प्रत्येक जुना माणूस सांगतो आणि सांगताना एसीचा रिमोट शोधत असतो. मीही रात्रीची गस्त संपवून, चार चार्जर उपटून, घामेजून खोलीत आलो आणि अठरावर लावलेल्या एसीखाली पाय पसरले. ही पुस्तक वाचत होती. चष्म्यावरून बघत म्हणाली, "मोरीला बोळा आणि दरवाजा मोकळा." आणि रिमोट उचलून तिनं २४ केलं.

दुसऱ्या दिवशी मी आकडेमोड केली. एसीचं तापमान एक अंशानं वर नेलं की वीज सुमारे ६ टक्के वाचते. सहा अंश, रात्रीची ८ युनिटं धरली तर पावणेतीन-तीन युनिटांचा फरक. म्हणजे एसी लावू त्या दर रात्री २ किलो. आणि चार्जरचं नोव्हेंबरपासूनचं खातं एकूण किती भरलं? १ किलो. करंगळीसकट.

३१ मेला मी बेरीज मारली. आंघोळ ८४, एसी ४०, दूध २१, मिसळ १६, चार्जर १. एकूण १६२ किलो. पेढे आणायचा विचार होता, तेवढ्यात न्यू जर्सीहून फोन आला. नातू होणार आहे, सप्टेंबरात. तुम्ही दोघं याच. ही रडली, मीही थोडा रडलो, आणि मग सवयीनं वही उघडली. मुंबई ते न्यूयॉर्क जाऊन-येऊन, माणशी निदान १ टन. दोघांचे २ टन. माझ्या बचतीच्या वेगानं हे फिटायला सव्वासात वर्षं.

हिला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणजे बारशाला न जाता थेट मुंजीला जायचं का?"

तिकिटं काढली. वहीत डाव्या बाजूला २,००० किलो नावे टाकले आहेत, लाल शाईनं. कर्ज काढायला माझी हरकत नसते. हप्ता कुठून येणार ते मात्र कळलं पाहिजे. शोधताना नजर गच्चीवर गेली. सोसायटीनं लिफ्ट, पंप आणि जिन्यातल्या दिव्यांसाठी १० किलोवॅटचे सोलर पॅनेल बसवले तर दिवसाला सुमारे ४० युनिटं निघतात. २४ फ्लॅट आहेत. माझ्या वाट्याला रोज किलोभर आणि वर थोडं. पावणेपाच वर्षांत माझं विमान फिटतं. प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत सोसायटीला किलोवॅटमागे १८,००० रुपये अनुदानही आहे. एवढं सगळं मी जूनच्या सभेत सांगितलं. पहिला प्रश्न आला तो, "पापड कुठं वाळवायचे?" दुसरा प्रश्न येण्याआधी कुणीतरी डोकी मोजली आणि कोरम नाही म्हणून सभा रद्द झाली.

पुढची सभा येत्या रविवारी सकाळी १० वाजता आहे. सोळा सभासद लागतात. अकरा जण येतो म्हणालेत. सभेनंतर गच्चीवरच मिसळ आहे, हिच्या हातची. कुणालाही गाडी काढावी लागणार नाही.