परमिट तयार आहे, साहेब!

माननीय प्रोजेक्ट मॅनेजर साहेब,


लोटे एमआयडीसीत शटडाऊनची कामं घेणाऱ्या ठेकेदारांत आपल्याइतकी चोख कागदपत्रं कुणाचीच नाहीत, हे जाहीर सांगावं म्हणून हे पत्र.

जादा तासांना दुप्पट मजुरी, हे 1948 च्या कारखाने कायद्यानेच ठरवून दिलं. आपण त्यात सुधारणा करून चहा-वडापाव ठरवलात. मस्टरवर आठच तास लागतात; उरलेले तास आमच्या कंबरेला माहीत. पगार विचारला की उत्तर ठरलेलं : "मेन कंपनीचं बिल पास व्हायचंय." ठेकेदाराने मजुरी थकवली तर मुख्य कंपनीने ती चुकती करावी, हा नियम 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासूनचा. बिल पास होण्याची अट त्यात कुठे आहे, तेवढं दाखवा.

शटडाऊन नेमका गणपतीत आला. खेड-चिपळूणच्या पोरांनी दीड दिवस सुट्टी मागितली, तर आपण विचारलंत, "तुमची कमिटमेंट कुठे आहे?" कमिटमेंट आहे साहेब, नेमणूकपत्र नाही.

सुरक्षेत तर आपला हात कोण धरणार? रोज कामाआधीच्या टूलबॉक्स टॉकच्या आठवडाभराच्या सह्या सोमवारीच होतात, त्यामुळे बोलायची गरजच उरत नाही. हार्नेसची घडी फक्त ऑडिटला मोडते. मॅनहोलवर राखणीला नेमलेला हेल्पर त्याच वेळी स्टोअरमधून वेल्डिंग रॉड आणत असतो. आणि गॅस टेस्ट! रिॲक्टर उघडायच्या आदल्या संध्याकाळीच परमिटच्या रकान्यात ऑक्सिजन 20.9 टक्के भरलेला. 19.5 च्या खाली गेला तर आत उतरायचं नसतं. आतल्या नायट्रोजनला ना रंग, ना वास. दोन श्वासांत माणूस आडवा होतो. पण आपली सही पाहून नायट्रोजनही वाट सोडत असावा.

20 मार्च 2021 ला लोट्यातल्याच एका रासायनिक कारखान्यात स्फोट झाला, कामगारांचे जीव गेले. त्यातून आपणही धडा घेतलात : परमिटवर सहीचा एक रकाना वाढला.

उद्या पुढचा रिॲक्टर उघडायचा आहे. परमिट भरलेलं आहे, आकडा उत्तम आहे. आपला या कागदावर एवढा विश्वास आहे, तर पहिल्यांदा आपणच आत उतरावं, ही विनंती. राखणीला मी थांबतो.

आपला नम्र,
कामावर फिटर, मस्टरवर हेल्पर